नऊ लिटर पाणी

मायने तांब्या मोरीच्या कट्ट्यावर ठेवला, वर फुलपात्र झाकलं आणि रोजच्यासारखी म्हणाली, "भाऊ, पानी ठेयेल शे." मी "हो माय" म्हणालो, आत गेलो, कडी लावली. तांब्यातलं पाणी आवाज होणार नाही अशा बेताने मोरीच्या जाळीवर सोडलं. मिठाची पुडी फाडून तीही तिथेच रिकामी केली, कारण कचऱ्याच्या डब्यात फाटकी पुडी दिसायला हवी होती. नाक धुवायची प्लॅस्टिकची बाटली बादलीत बुचकळून ओली केली. मग खाकरलो, नाकातून दोनदा फुरफुर आवाज काढला, टॉवेलने तोंड पुसलं आणि बाहेर आलो. असं मी एकोणीस दिवस केलं. रोज दोन वेळा.

गोष्ट २०२३च्या उन्हाळ्यातली. आम्ही धुळ्याला देवपुरात राहतो. मी माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. नाकाचा त्रास वीसेक वर्षांचा. आमच्याकडे अशा माणसाला सगळे एकच सांगतात, नाकाचं हाड वाढलंय. माझं हाड वाढलं नव्हतं. दोन्ही बाजूंना मऊ, द्राक्षाच्या मण्यासारखी मांसाची वाढ होती आणि मागच्या पोकळ्या भरून गेल्या होत्या. वास गेला होता. फोडणी करपली तरी मला शेजारच्या खोलीतून कुणी ओरडल्यावर कळायचं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात जळगावला दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी नाकातल्या पट्ट्या काढल्या आणि डॉक्टरांनी घरी सोडताना गोळ्यांपेक्षा जास्त वेळ एका गोष्टीवर घालवला. ती म्हणजे नाक धुणं.

त्यांनी बाटली हातात घेऊन दाखवलं. पाणी उकळून गार केलेलंच. बाटली २४० मिलीची, तिच्यात एक पुडी. बेसिनवर पुढे वाकायचं, तोंड उघडं ठेवायचं, श्वास तोंडाने. बाटलीचं टोक एका नाकपुडीला लावून हलकेच दाबायचं, दुसऱ्या नाकपुडीतून पाणी बाहेर येईल. गिळायचं नाही, त्या वेळी बोलायचं नाही. नंतर नाक जोराने शिंकरायचं नाही. अर्धी बाटली इकडून, अर्धी तिकडून. सकाळ-संध्याकाळ, निदान दोन महिने. "शस्त्रक्रियेचं अर्धं काम मी केलंय," ते म्हणाले, "उरलेलं तुमच्या हातात आहे, सर."

मी मान डोलावली. मला हे सगळं माहीत होतं. माझ्या अपराधाचा पहिला पदर इथेच आहे. अडाणी माणूस चुकला तर त्याला न कळल्याची सवलत असते. मला ती घेता येत नाही, कारण रजेत पडल्या पडल्या मी या विषयावर मिळेल ते वाचून काढलं होतं. नाकाच्या आतल्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे केस असतात. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेने हलत राहतात आणि धूळ चिकटलेला शेंबूड हळूहळू घशाकडे ढकलतात. गालामागच्या पोकळीचं तोंड तिच्या वरच्या बाजूला असतं, तरीही हे केस आतला ओलावा चढावर वाहून नेऊन त्या तोंडातूनच बाहेर काढतात. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात मेसरक्लिंगर नावाच्या डॉक्टरांनी हे वर्षानुवर्षं दुर्बिणीतून पाहिलं. त्यांचे शिष्य श्टामबर्गर आणि अमेरिकेतले केनेडी यांनी १९८०च्या दशकात त्यावरून आजची शस्त्रक्रिया जगभर नेली. तिचं तत्त्व साधं आहे: पोकळी खरवडून काढायची नाही, तिचं मूळचं दार मोकळं करायचं, बाकीचं काम नाक स्वतः करील. पण कापाकापीनंतर काही आठवडे ते केस निपचित असतात. रक्त गोठतं, स्राव वाळतो, त्याच्या खपल्या धरतात. त्या काळात केसांचं काम पाण्याने करायचं असतं. नाही केलं तर खपलीखाली घाण साचते आणि समोरासमोरच्या दोन ओल्या जखमा एकमेकींना चिकटू शकतात.

इतकं सगळं मी एका कागदावर टिपूनसुद्धा ठेवलं होतं. आणि पाणी मोरीत ओतत होतो.

पहिला आठवडा मी मन लावून केलं, हे खरं. पहिल्या दिवशी भीती वाटली. नदीत बुडताना नाकात पाणी जातं तसं होईल, असं वाटलं. तसं काही झालं नाही. पाण्यात लिटरला नऊ ग्रॅम या हिशेबाने मीठ असलं की ते आपल्या रक्ताइतकंच खारट होतं, म्हणून झोंबत नाही. उलट आतून कुणी ऊन फडकं फिरवल्यासारखं वाटतं. पण त्याबरोबर जे बाहेर आलं ते पाहून माझ्या पोटात ढवळलं. काळपट लाल गुठळ्या, चिकट दोरे, एकदा तर बोटाच्या पेराएवढी खपली, आतल्या बाजूचा ठसा घेऊन आलेली. ती बेसिनमध्ये पडली आणि मी डोळे मिटून पाणी ओतलं. हे माझ्यातून आलं, हे मला सोसेना. आठव्या दिवशी जळगावला दाखवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, छान आहे, असंच चालू ठेवा.

दुसऱ्या दिवशी चाळीसगावचे मामा मला भेटायला आले. वय ऐंशीच्या पुढे, पांढरं धोतर, पायात वहाणा. मी अर्ध्या तासापूर्वीच नाक धुतलं होतं. त्यांनी वहाणा काढल्या, मी पाया पडायला वाकलो. धुतलेलं पाणी कधीकधी आतल्या पोकळीत राहतं आणि डोकं खाली गेलं की एकदम येतं. हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं, मीच विसरलो होतो. नाकातून तांबूस पाण्याची धार लागली आणि ती मामांच्या पायांवर पडली. दोन्ही पायांवर, बोटांमध्ये. मामांनी पाय मागे घेतला. क्षणभरच. मग लगेच माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असू दे रे, आजारी मानूस तू." बायकोने पाणी आणलं, त्यांचे पाय धुतले. खोलीत आणखी चार माणसं होती. कुणीही काही बोललं नाही.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा पाणी ओतून दिलं.

बराच काळ मी स्वतःला हीच गोष्ट सांगत आलो: मामांच्या पायावर ते पडलं, मला लाज वाटली, म्हणून मी थांबलो. ऐकणाऱ्याला ती पटते. पण मी ती नीट तपासून पाहिली तेव्हा ती टिकली नाही. लाज वाटली होती तर मी मायला किंवा बायकोला सांगू शकत होतो की मला हे नको वाटतं. धुण्याची वेळ बदलू शकत होतो. पाहुणे येऊन गेल्यावर धुतलं असतं. त्यातलं मी काहीच केलं नाही. मी धुणं सोडलं आणि धुतल्याचा देखावा मात्र चालू ठेवला. लाजेने माणूस गोष्ट सोडतो, पण पुडी फाडून डब्यात टाकण्याइतकी काळजी लाज घेत नाही. ती काळजी कुठून आली, याचा शोध मला जास्त घ्यावासा वाटतो.

ती शाळेतून आली. मी एकोणतीस वर्षं शिकवतोय. आम्हाला रोजच्या तासाचं टाचण काढावं लागतं. आज कोणता घटक, कोणती उद्दिष्टं, फळ्यावर काय. पहिली काही वर्षं मी ते आदल्या रात्री काढायचो. मग कधीतरी एक आठवडा राहिला, मग महिना. तपासणीची तारीख लागली की मी एका रात्रीत दोन महिन्यांचं टाचण लिहून काढायचो आणि वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं दिसावं म्हणून तीन पेनं वापरायचो. कुठे थोडी शाई सांडायचो. तासाला मी चांगलं शिकवत होतो, त्यामुळे त्यात काही वाईट वाटायचं नाही. काम तर होतंय, कागद तेवढा पुरा करायचा. पण तीन पेनांनी लिहिण्याचा तो हात वर्षानुवर्षं तयार होत होता. मोरीत पुडी फाडणारा हात तोच. फरक इतकाच की शाळेत काम खरं होतं आणि कागद खोटा. घरी कागद तेवढा उरला, काम गेलं.

आता पाण्याबद्दल सांगितलं पाहिजे, कारण ते पाणी धुळ्याचं होतं आणि मे महिन्यातलं होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात आठ-आठ दिवसांनी नळ येतो हे धुळेकराला समजावून सांगावं लागत नाही. नळ येणार त्या रात्री घरातलं एक माणूस जागं असतं. टाकी, पिंप, कळशा, पातेली सगळं भरून घ्यायचं. माय तर फुलदाणीसुद्धा भरते. ती १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली बाई आहे. रस्त्याच्या कामावर, पदरात सुकडी बांधून, माझ्या थोरल्या बहिणीला झाडाखाली निजवून. त्या वर्षी पांझरेच्या वाळूत झिरा खणून वाटीने पाणी भरल्याचं ती सांगते. झिरा भरेपर्यंत बसून राहायचं, मग परत वाटीभर. आजही डाळ धुतलेलं पाणी ती फेकत नाही. त्याने भांडी विसळते, मग ते झाडाला जातं.

त्या मायने माझ्या नाकासाठी रोज पाणी उकळायला घेतलं. बायको नोकरीला जाते, म्हणून हे काम आपलं असं तिने ठरवलं. पातेल्यात पाणी खळखळ उकळू द्यायची, झाकण ठेवून गार करायची, मग धुतलेल्या फडक्यातून तांब्यात गाळायची. गॅसजवळ धग, बाहेर चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंश. सत्त्याहत्तर वर्षांची बाई पदराने घाम पुसत उभी असायची. उकळायची गरज तिला नेमकी कळली होती असं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, एवढं तिला पुरेसं होतं. मला मात्र गरज ठाऊक होती. कोमट, साचलेल्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा असू शकतो. प्यायलं तर तो काही करत नाही, पण नाकातून वर गेला तर वासाच्या मज्जातंतूने थेट मेंदूत पोचतो, आणि मग वाचणारे फार थोडे. २०११ साली अमेरिकेत लुईझियानात दोघं अशी दगावली, नळाच्या साध्या पाण्याने नाक धुवून. केरळात तळ्यात पोहलेली मुलं गेली. असं क्वचितच होतं, पण निदान एक मिनिट खळखळून उकळलं की तो धोका जातो. आठ दिवस पिंपात तापलेल्या पाण्याला मायचं ते एक मिनिट हवंच होतं.

मी नंतर हिशेब केला. एकोणीस दिवस, दोन वेळा, २४० मिली. नऊ लिटरांच्या थोडं वर. शेतीच्या किंवा धरणाच्या भाषेत हे काहीच नाही. वाटी-वाटीने भरायला गेलं तर खूप आहे.

याच दिवसांत एकदा आमच्या शाळेचे शिपाई काका घरी आले. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. २०२१च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, त्यांना कोरोना झाला. साखर आधीच होती, स्टेरॉइडवर होते, आणि बरे होता होता गाल सुजला, दात हलायला लागले. काळी बुरशी. तेव्हा धुळ्या-जळगावात घराघरातून हा शब्द ऐकू येत होता आणि अॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी माणसं या गावाहून त्या गावाला धावत होती. काकांची नाकाची शस्त्रक्रिया झाली, वरच्या जबड्याचा डावा भाग काढला. ते कृत्रिम टाळू लावून जेवतात, बोलतात. आणि रोज ती पोकळी धुतात. खाण्याचा सोडा, मीठ आणि टाकणखार ठरल्या मापाने कालवलेलं पाणी. सुरुवातीला दिवसातून चार वेळा, आता दोन. शाळेत पाण्याच्या टाकीमागे त्यांची जागा आहे. थर्मासमध्ये घरून पाणी आणतात, टाळू काढून स्वच्छ रुमालावर ठेवतात, पंधरा मिनिटं वाकून उभे राहतात, मग टाळू धुऊन बसवतात आणि तासाची घंटा द्यायला येतात. घंटा चुकल्याचं मला आठवत नाही.

आजारातून ते कामावर आले तेव्हा मी त्यांना स्टाफरूममध्ये बसवून सांगितलं होतं, "काका, आता याच्यात खंड पडता कामा नये." मोठ्या आवाजात, चार शिक्षकांसमोर. त्यांनी "हो सर" म्हटलं होतं.

तर ते मे महिन्यात भेटायला आले, सोबत अर्धा डझन केळी. बसले, चहा घेतला, मग थोडं जवळ सरकून म्हणाले, "सर, खपली बोटानं ओढू नका बरं का. पाण्यानंच सुटते. मला पहिले पहिले किळस यायची. मग मी आरसा लावला समोर. बघून बघून जाते किळस." थांबून विचारलं, "घेता ना दोन्ही टाइम?"

मी म्हणालो, "हो काका, दोन्ही वेळा."

मी बोललेल्या सगळ्या खोट्यांत हे मला सर्वांत जड जातं. डॉक्टरांशी खोटं बोललो त्यात मी स्वतःचं नुकसान केलं. मायशी बोललो त्यात तिचे कष्ट वाया घालवले. काकांच्या बाबतीत मी आणखी एक गोष्ट केली. या माणसाने आपली किळस माझ्यासमोर उघडी करून ठेवली होती, म्हणजे मला माझी बोलता यावी. मी नुसतं "मलाही होते हो" म्हटलं असतं तर त्याच दिवशी सुटलो असतो. पण ते शिपाई होते आणि मी सर होतो, आणि त्यांना उपदेश करून झालेला होता. किळसेपेक्षा ही गोष्ट मोठी ठरली. लिहायला अवघड जातं, पण हेच खरं आहे.

पुढच्या तपासणीला जळगावला गेलो. सकाळची एस.टी. फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी. रस्त्याची धूळ खिडकीतून येत होती आणि मी मनात उत्तर घोळवत होतो. नुसतं "हो" म्हणायचं, की "हो, सकाळ-संध्याकाळ"? दुसरं जास्त खरं वाटतं, म्हणून ते ठरवलं. बांभोरीच्या पुलावर गाडी आली, खाली गिरणेत वाळू आणि मध्ये एक पाण्याची रेघ. मी बाहेर पाहिलं नाही, उत्तरच घोकत होतो.

डॉक्टरांनी नाकात औषधाचा बोळा ठेवला, दहा मिनिटांनी दुर्बीण घातली आणि पडदा माझ्याकडे वळवला. पहिल्या वेळी तिथे गुलाबी, ओलसर, मोकळी वाट दिसली होती. आता पिवळट-तपकिरी खपल्यांचे थर होते, आणि उजव्या बाजूला एक पांढरट पट्टी, नाकाच्या आतल्या पाळीपासून भिंतीपर्यंत आडवी गेलेली. "चिकटलंय," ते म्हणाले. "धुताय ना, सर?"

"हो. सकाळ-संध्याकाळ."

त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "ठीक आहे," म्हणाले. मग खपल्या एकेक करून चिमट्याने आणि नळीने काढल्या. अर्धा तास लागला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मुठी आवळल्या होत्या. ती पट्टी त्यांनी सुन्न करून कापली आणि मध्ये एक पातळ तुकडा ठेवला. हात धुताना पाठ करूनच म्हणाले, "पाणी लागलेलं नाक वेगळं दिसतं." एवढंच. त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या मुलाची उतरवलेली वही पाहून मी जितक्या शांतपणे सांगतो, की उत्तर बरोबर आहे पण हे तुझं नाही, तसा तो आवाज होता.

नियमित धुऊनही काहींचं चिकटतं, हे मला माहीत आहे. मी धुतलं असतं तर चिकटलंच नसतं, असं डॉक्टर म्हणाले नाहीत, आणि मीही म्हणणार नाही. पण त्या शंकेचा फायदा ज्याने पाणी घेतलं त्याला मिळावा. मी तो स्वतःला देऊ शकत नाही.

त्या संध्याकाळी घरी आलो तर तांब्या कट्ट्यावर होता, झाकलेला. मी कडी लावली नाही. बेसिनवरच्या आरशासमोर उभा राहिलो, काकांनी सांगितलं होतं तसा, आणि जे बाहेर आलं ते पाहिलं. रक्तच जास्त होतं. त्या दिवसापासून आजतागायत खंड नाही.

धुणं सुरू झालं, पण झालं ते पुसलं गेलं नाही. डॉक्टरांना पुढच्या खेपेला सांगितलं. ते सोपं होतं, त्यांनी पाहिलेलंच होतं. त्यांनी मान हलवली आणि पुढची तारीख लिहून दिली. काकांना जूनमध्ये शाळा उघडल्यावर टाकीमागे जाऊन सांगितलं. ते वाकलेले होते, बोलू शकत नव्हते. टाळू बसवून झाल्यावर म्हणाले, "माझेपण सुटले होते सर, मधले पंधरा दिवस. कोणाले सांगितलं नाही." मग आम्ही दोघं काही वेळ तिथेच उभे राहिलो.

२१ जूनला योगदिन. मुख्याध्यापकांनी सवयीने विचारलं, "जलनेती तुम्हीच दाखवणार ना?" तेव्हा आणखी एक जुनी गोष्ट वर आली. २०१८ साली मी मंचावर जलनेती, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुण्याची योगक्रिया, करून दाखवली होती. चोचीचा लोटा, शाळेच्या टाकीतलं पाणी, मीठ अंदाजाने चिमटीभर. भाषणात म्हणालो होतो की हठयोगाच्या षट्कर्मांत नेती येते, आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं. हठप्रदीपिकेत सांगितलेली नेती सूत्राची आहे, दोरा नाकातून घालून तोंडातून काढायची. हे मी सांगितलं नाही, कारण तेव्हा मी ग्रंथ उघडून पाहिलाच नव्हता. आणि मोठ्या अभिमानाने स्वामी कुवलयानंदांचं नाव घेतलं होतं: जगन्नाथ गणेश गुणे, आमच्या अमळनेरला शिकवत होते, तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि मग १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. मी अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात शिकलो, म्हणून ते मला आपल्याच घरातले वाटतात. पण त्या माणसाने काय केलं होतं? परंपरेतली गोष्ट खरी की खोटी हे बोलून न ठरवता ती मोजून पाहिली होती. नौली या योगक्रियेच्या वेळी पोटात दाब किती उतरतो हे यंत्र लावून मोजलं, क्ष-किरणांनी पाहिलं, ते 'योग मीमांसा'त छापलं. मी त्यांचं नाव घेतलं आणि मीठ चिमटीने टाकलं.

दुसऱ्या दिवशी आठवीतला एक मुलगा आला होता. डोळे लाल. "सर, मी केलं घरी. लई झोंबलं. कान दुखतोय." त्याने पिंपातलं साधं पाणी घेतलं होतं, मीठ नाही, आणि डोकं मागे टाकलं होतं. मी हसून म्हणालो होतो, "सवयीने जमेल." त्याचा कान दोन दिवस दुखला, मग थांबला. त्या पाण्यात काय असू शकलं असतं हे मला पाच वर्षांनी, माझ्या स्वतःच्या नाकापायी कळलं. मुलगा बरा आहे, आज पुण्यात शिकतो. त्याचं बरं असणं ही माझी कमाई नाही.

या वेळी मी लोटा घेऊन उभा राहिलो नाही. मुलांना उकळलेलं पाणी, मोजलेलं मीठ, पुढे वाकणं आणि डॉक्टरांना विचारणं, एवढं सांगितलं. २०१८ साली मी चुकीचं दाखवलं होतं आणि एका मुलाला त्याचा त्रास झाला, हेही सांगितलं. मुलं शांत बसली होती. मागच्या रांगेत काका घंटेपाशी उभे होते.

राहिली माय. तिला सांगायला मला जुलै उजाडला. तोवर तिला रोज "धोयं का रे भाऊ?" असं विचारताना ऐकायचो आणि "हो" म्हणायचो. आता ते खरं होतं, पण मागच्या एकोणीस दिवसांचं "हो" त्याच आवाजातलं होतं. एका रविवारी ती ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. पहिला पाऊस होऊन गेला होता. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. पाणी, पुडी, कडी, खोटा आवाज. किती दिवस तेही.

तिचे हात सुपात थांबले. मला वाटलं रडेल, किंवा रागावेल. दोन्हींची मी तयारी केली होती. तिने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला आणि विचारलं, "मोरीमा वतं, का झाडले?"

ओट्याखाली तुळस होती, कढीपत्ता होता, तिने डाळीच्या पाण्यावर वाढवलेलं पपईचं झाड होतं. मोरीपासून दहा पावलं. मीठ मी वेगळं फेकत होतो, ते पाणी तर साधंच होतं. झाडाला चाललं असतं. पण बाहेर गेलो असतो तर कुणी पाहिलं असतं.

"मोरीत," मी म्हणालो.

ती बराच वेळ काही बोलली नाही. तांदूळ निवडून झाले, सूप झटकलं, आत गेली. थोड्या वेळाने गॅस पेटल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवसापासून तांब्या मोरीत आला नाही. तिने तो ओट्यावर, पपईजवळच्या धुण्याच्या दगडावर ठेवला. मी आता तिथेच वाकतो, उघड्यावर. येणारे-जाणारे पाहतात. ती उंबऱ्यात बसून लसूण सोलत असते, नाहीतर वाती वळत. माझ्याकडे पाहत नाही. बाटली भरून तांब्या रिकामा झाला की तेवढा हात पुढे करते, मी तो तिच्या हातात देतो, आणि ती तो हलवून बघते, मग आत घेऊन जाते.